कव्ह्याची साल आणि साडूचा सदरा

चिखलीच्या बसस्थानकावर खिडकीतून बॅग टाकून जागा धरण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी तीस वर्षं समजत आलो होतो. त्या सकाळीही मी तेच केलं. गाडी फलाटाला लागते न लागते तोच गर्दीच्या कडेनं वळसा घातला, तिसऱ्या खिडकीची काच सरकवली आणि बॅग आत सोडली. मग छाती पुढे काढून बायकोला हाका मारत मागे आलो. ती शेजारच्या फलाटावर आपली पिशवी घेऊन शांत उभी होती आणि तिच्या पाठीमागच्या गाडीवर 'खामगाव' अशी पाटी होती. वळून पाहतो तर माझी बॅग दोघांची जागा धरून मेहकरकडे निघालेली.

मी चपला फटफटवत धावलो. त्यामुळे गाडीचं काही अडलं नाही. चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं मेहकरला फोन लावून बॅग उतरवून ठेवायला सांगितलं आणि "काका, पाटी वाचत जा" एवढंच म्हणाला. दोन सदरे, पायजमा, टॉवेल, दाढीचं सामान, सगळं त्या बॅगेत. खामगावच्या गाडीत बसल्यावर कुंदा, म्हणजे माझी बायको, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जाऊ द्या. भाऊजींचे कपडे घालजा."

निघताना मनात काय होतं ते प्रवासाला जाणाऱ्यानं सांगावं म्हणतात. माझ्या मनात हे वाक्य होतं, आणि ते खामगावपर्यंत पुरलं.

हे भाऊजी म्हणजे गुणवंतराव. कुंदाच्या थोरल्या बहिणीचे, मंदाताईंचे यजमान, म्हणून माझे साडू. राहणार वरवट बकाल. जिल्हा आमचा एकच, बुलडाणा, पण आम्ही घाटावरचे आणि ते घाटाखालचे, त्यामुळे गाठ पडते ती लग्नात नाहीतर तेराव्याला. मागच्या हिवाळ्यात अशाच एका लग्नात त्यांनी कुंदाच्या हातात कागदाची पुडी ठेवली. आत कसल्याशा झाडाची तांबूस साल होती. याचा चहा करून पाहा, म्हणाले. तिनं करून पाहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिला. पुडी संपली त्या दिवशी तिनं रिकामा कागद हुंगला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

इथं घरातली एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय माझं दुखणं कळायचं नाही. चिखलीत माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात मी बोलेन ते मशीन ऐकतं. घरात मात्र माझा हात कशाला लागू नये, अशी सगळ्यांची इच्छा असते. एकच गोष्ट माझी, ती म्हणजे सकाळचा चहा. धाकटीच्या जन्मानंतर कुंदा तीन महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा मी सकाळचा चहा करायला लागलो, तो चोवीस वर्षं करतोच आहे. आलं किती ठेचायचं, दूध कधी ओतायचं, तिचा कप किती भरायचा, हे झोपेतसुद्धा मला चुकत नाही. इतक्या वर्षांत चहा चांगला झाला असं ती एकदाही म्हणालेली नाही. वाईट झाला असंही नाही. पिते आणि कप खाली ठेवते. मला तेवढं पुरत होतं.

यंदा पाडवा झाला आणि ती म्हणाली की, आता सकाळी भाऊजींचाच चहा घ्यावा म्हणते, वरवटला जाऊन साल घेऊन येऊ.

म्हणजे मी तिकीट काढून निघालो होतो ते माझ्याच जागेवर दुसऱ्याला बसवायला. आणि बॅग गेली मेहकरला.

शेगावला पुन्हा गाडी बदलायची होती. कचोरीचा वास आला म्हणून दोन घेतल्या. कुंदा म्हणाली की भाऊजींनी तळलेलं सोडलंय. मी तिसरी घेतली.

शेगाव सोडलं की रस्ता उत्तरेला सरळ जातो. खिरोड्याच्या पुलावरून पूर्णा ओलांडली. चैत्रातली नदी पात्राच्या एका कडेला अंग चोरून पडलेली. हा सगळा खारपाणपट्टा (जमिनीखालचं पाणी खारं असलेला मुलूख). काळी सपाट जमीन, कापूस निघून गेलेली शेतं, वाऱ्यावर उडणारी बारीक धूळ. आमच्या घाटावर नजरेला कुठंतरी टेकडी आडवी येते. इथं नजर जाते ती थेट समोरच्या सातपुड्यापर्यंत, कोणीतरी पेन्सिलीनं ओढलेल्या निळ्या रेघेपर्यंत. इतका मोकळा देखावा पाहून माणसाचं मन मोठं व्हायला हवं. माझं झालं नाही. एवढी हवा खाऊन कोणीही तब्येत ठेवील, असं मला वाटून गेलं.

वरवटच्या फाट्यावर उतरलो आणि टपरीवर चहा घेतला. खारपाणपट्टा म्हणून पहिला घोट मी जपून घेतला. टपरीवाल्याच्या ते लक्षात आलं.

"घाटावरचे का?" त्यानं विचारलं.

"चिखलीचे. गुणवंतरावांकडे आलोय."

"प्या बिनधास्त. आता जारचं पाणी हाये. आंधी इहिरीच्या पाण्याचा चहा करो तं दूध फाटे. पाहुणा पहिला घोट घे आन् दुसरा घोट घ्याले थांबतच नसे."

मी म्हणालो, मग लोक प्यायचे काय? तर तो म्हणाला, कोरा चहा, झाडपाल्याचा काढा, ज्याचं जे जमेल ते. मग गावाकडे बोट करून, "ते येऊन राह्यले पाहा तुमचे पाहुणे. त्यायनं तं दुधाचा चहाच सोडला."

गुणवंतराव चालत येत होते. एकसष्ट वर्षांचा माणूस चैत्रातल्या दुपारी डोक्याला रुमाल न बांधता येतो, तोही पाठ ताठ ठेवून. जवळ येऊन ते नमस्काराला वाकले तेव्हा मी त्यांच्या काळ्याभोर केसांची मुळं पाहिली. कलप असेल तर मुळाशी पांढरं दिसतं. दिसलं नाही. माझ्या प्रवासाचा एक मोठा आधार तिथंच गेला.

"साडूभाऊ, सामान?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की चिखलीच्या वाहकानं चुकीची गाडी दाखवली. कुंदानं माझ्याकडे पाहिलं आणि पदर सावरला. घरी पोहोचल्यावर मंदाताईंना मी सांगितलं की गर्दीत कोणाच्या तरी धक्क्यानं बॅग आत पडली. तेव्हाही तिनं पदर सावरला.

हातपाय धुऊन ओसरीवर बसलो, आणि तो चहा आला. गुणवंतरावांनी स्वतः केला होता. खलबत्त्यात साल जाडसर कुटायची, दोन कप पाण्यात घालून मंद आंचेवर एक कप होईपर्यंत आटवायची, चिमूटभर सुंठ, खाली उतरवल्यावर गुळाचा खडा. दूध नाही. रंग नव्या विटेसारखा. चव पहिल्यांदा तुरट, जीभ जराशी आक्रसते, आणि घोट गेल्यावर मागून गोडवा येतो. वाईट लागला असता तर मी कौतुक केलं असतं. चांगला लागला म्हणून मी काहीच बोललो नाही.

कुंदा डोळे मिटून पीत होती. माझा चहा ती डोळे उघडे ठेवून पिते, बहुधा नळाला पाणी आलं का ते पाहत.

मी म्हणालो, हृदयाला चांगला असतो म्हणे, मग डॉक्टरांची गरजच उरली नसेल तुम्हाला. टोमणा होता. गुणवंतराव सरळ म्हणाले, "तसं नाई हो. ब्लडप्रेशरची गोळी मी रोज घेतो. गोळी डॉक्टरची, चहा झाडाचा. एकाचं काम दुसऱ्याले सांगू नये." असा माणूस असला की भांडायला जागा राहत नाही.

आंघोळ झाल्यावर त्यांचा सदरा मिळाला. खांदे बरोबर आले, पण पोटापाशी दोन गुंड्या एकमेकींकडे पाहत राहिल्या, भेटल्या नाहीत. श्वास सोडून लावल्या. मंदाताई म्हणाल्या, "पाहुणे, रंग खुलून दिसतो तुमाले." कुंदा म्हणाली, "भाऊजींची निवडच चांगली आहे."

जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), पाटोड्यांचा झणझणीत रस्सा आणि मिरचीचा ठेचा होता. गुंड्यांना भिऊन मी दीड भाकरीवर थांबलो. माझ्या आयुष्यात हे प्रथमच घडलं, आणि त्याचं श्रेय मंदाताईंनी गुणवंतरावांच्या संगतीला दिलं.

उन्हं कलल्यावर गुणवंतरावांच्या शेताकडे निघालो. शेत सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याचं. ओळखीच्या एका माणसाच्या जीपमध्ये आम्ही चौघे. जसजसं उत्तरेला जावं तसतशी निळी रेघ हिरवट होत गेली, मग तिला घड्या पडल्या, मग झाडं वेगळी दिसायला लागली. पाणीही इकडे गोडं. वाटेत गुणवंतराव कुंदाला झाडं दाखवत होते. हा मोह, ही टेंभरून, तो पळस आता झडलाय. ती शाळेतल्या मुलीसारखी मान पुढे काढून पाहत होती. मला बाभूळ आणि लिंब ओळखता येतात. दोन्ही वाटेत लागली तेव्हा मी ती मोठ्यानं सांगितली. कोणी हरकत घेतली नाही.

शेताच्या खालच्या धुऱ्याला (बांधाला) लागून एक नाला आहे. त्याच्या काठावर ती झाडं उभी होती. पांढुरकी, गुळगुळीत, हत्तीच्या पायासारखी जाड खोडं, जागोजाग सालीचे पापुद्रे निघालेले. मुळं काठाच्या मातीला घट्ट धरून पाण्याकडे उतरलेली. तिथं शेताची राखण करणारे सुपडाजी भेटले. सत्तरीचे, सडसडीत, डोक्याला मळकट फेटा. साल कशी घ्यायची हे गुणवंतरावांना त्यांनीच शिकवलेलं. गुणवंतराव मोटर पाहायला विहिरीकडे गेले, दोघी बहिणी संत्र्यांत शिरल्या, आणि मी व सुपडाजी झाडाखाली उरलो.

मी एका खोडावर थाप मारून विचारलं, "काय आहे हे?"

"कव्हा," सुपडाजी म्हणाले.

आमच्या चिखलीकडे 'कव्हा' म्हणजे केव्हा. मला वाटलं, साल कधी काढणार असं म्हातारा विचारतोय. आणि या विषयात गुणवंतरावांना मध्ये न घेता कोणीतरी मला पहिल्यांदाच विचारत होतं.

"उद्या सकाळी," मी म्हणालो.

सुपडाजी माझ्याकडे पाहत राहिले. "कोण?"

"मी. दुसरं कोण?"

त्यांनी फेटा सारखा केला, झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढ्यात गुणवंतराव परत आले. सुपडाजींनी त्यांना सांगितलं, "पाहुण्यायनं टाइम देला."

गुणवंतराव माझ्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "साडूभाऊ, कव्हा हे झाडाचं नाव आहे. आपण अर्जुन म्हणतो ना, तेच. डोंगराकडले लोक याले कव्हा म्हणतात."

मी म्हणालो, बरं, मग काय बिघडलं? बिघडलं ते सुपडाजींनी सांगितलं. साल घ्यायच्या आदल्या सांजेला झाडाला सांगून ठेवायचं असतं, अमुक वेळी येतो म्हणून. आणि ज्यानं सांगितलं त्यानंच यायचं, त्याच्याच हातानं घ्यायची.

"नाव इचारलं तुमी, म्या नाव सांगतलं," ते म्हणाले. "मंग तुमी त्याले टाइम देला. आता देला तं देला."

गुणवंतरावांच्या खिशात चिमूटभर तांदूळ आणि एक सुपारी होती, झाडापाशी ठेवायला घरून आणलेली. सांगायला तेच आले होते. त्यांनी दोन्ही माझ्या हातावर ठेवलं. मी मुळाशी वाकलो, तांदूळ ठेवले, सुपारी ठेवली, आणि पोटापाशची एक गुंडी तुटून नाल्यात गेली. हे सगळं दोघी बहिणींनी संत्र्यांच्या कडेला उभं राहून पाहिलं. गोष्ट कळल्यावर कुंदा हसत हसत धुऱ्यावर बसली. ती इतकी हसू शकते हे मी विसरलो होतो. पण ते हसू बाकी तिघांच्या बाजूचं होतं आणि मी पलीकडे एकटा होतो, त्यामुळे मला त्याचा पुरता आनंद घेता आला नाही.

त्या रात्री शेतातल्या टिनाच्या खोलीत मुक्काम केला. मी मनात एक ठरवून झोपलो. गुणवंतरावांनी आजवर कधी काढली नसेल एवढी साल काढायची. वर्षभराची. पुडी मागायला पुन्हा कोणाकडे जायचं नाही.

सकाळी ऊन यायच्या आत झाडापाशी गेलो. सुपडाजींनी बोथट पात्याची सुरी दिली आणि रीत सांगितली. उगवतीच्या अंगानं घ्यायची. वरची मेलेली पांढरी टरफलं झटकून टाकायची, आतली गुलाबी घ्यायची, पण लाकडाला लागायचं नाही. आणि खोडाभोवती गोल कधीच फिरायचं नाही. मी मान हलवली आणि सुरीनं आखायला लागलो. हातभर उंच, वीतभर रुंद.

सुपडाजींनी माझं मनगट धरलं. "तळहाताएवढी."

"कोणाच्या?" मी विचारलं. कारण गुणवंतरावांचा पंजा मी पाहिला होता, भाकरी थापायच्या परातीएवढा.

"घेणाऱ्याच्या."

शिलाई मशीनचे बारीक स्क्रू फिरवून फिरवून माझे हात बायकी राहिले आहेत. दुकानात याचा मला अभिमान असतो. मी तळहात खोडावर ठेवला, आणि माझ्या वर्षभराच्या सालीचा बेत त्या तळहाताखाली मावून गेला. गुणवंतरावांना मागच्या वेळी याच झाडानं याच्या दीडपट दिलं असणार. झाडाकडूनसुद्धा मी कमीच घेऊन चाललो होतो.

तरी एक सांगतो, काम मी चांगलं केलं. मशीनची गंजून बसलेली तळपट्टी जोर न लावता उचकटायची म्हणजे काय, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. चारी बाजूंनी हलकं दाबत गेलो, एक कोपरा सुटला, तिथून हळूहळू उचललं. साल एका तुकड्यात निघाली. आत ओलसर गुलाबी. सुपडाजींनी ती उलटसुलट पाहिली, पुढच्या वर्षी या म्हणाले, आणि शेण-मातीचा गोळा पुढे केला. उघड्या जागेवर मी तो लिंपला. मी मागे वळलो, कुंदानं पाहिलं का ते पाहायला.

कुंदा नाल्याच्या पलीकडे गुणवंतरावांबरोबर खाली पडलेली फळं वेचत होती. कव्ह्याचं फळ मोठं गमतीचं असतं, लाकडी, पाच पाखांचं, कोणी चाकूनं कोरून काढल्यासारखं. बी आतच असते. तिनं पदरात ओंजळभर गोळा केली होती. गुणवंतराव सांगत होते की फळं पाण्यात भिजवून मग मातीत टोचायची, दीड-दोन महिने वाट पाहायची, घाई करायची नाही. ती म्हणाली, "मले घाई नाही." माझ्याशी बोलताना तिच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलेलं नाही.

मी त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचलो तेव्हा गुणवंतरावांचं बोलणं थांबलं होतं. समोर एक झाड उभं होतं, तसंच जाड, पण एकही पान नसलेलं. खोडाला कमरेच्या उंचीवर सगळीकडून साल काढलेली, गोल. वर राखाडी फांद्या.

"हे मी मारलं," गुणवंतराव म्हणाले.

कुंदानं विचारलं, कसं? त्यांनी सांगितलं. पहिल्याच वर्षी. दुधाचा चहा सोडला, बरं वाटायला लागलं, लोक विचारू लागले. याला पुडी दे, त्याला दे. गुणवंतरावांचा चहा म्हणून गावात नाव झालं. एक दिवस सुपडाजी नसताना ते आले आणि खोडाभोवती फिरून जेवढी निघेल तेवढी साल काढून घेऊन गेले. पावसाळ्यात झाडाला पालवी फुटली नाही. सुपडाजी महिनाभर बोलले नाहीत.

"लोकायनं वा म्हणावं म्हणून," ते म्हणाले. "बाकी काई नाई." मग त्यांनी कुंदाच्या पदरातली दोन फळं घेतली आणि मेलेल्या झाडाच्या मुळाशी ओल्या काठात अंगठ्यानं दाबली. दर वर्षी दाबतात म्हणे. अजून एकही टिकलं नाही, गुरं खातात.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण खोटं कशाला लिहू, त्याच्या मागोमाग हेवाही वाटला. माणसाला आपली चूक इतक्या नीट, इतक्या थोडक्यात सांगता यावी? आदल्या दिवसापासून बॅगेची गोष्ट मी दोन वेळा सांगितली होती आणि दोन्ही वेळा चूक दुसऱ्याची होती. तिथंच उभं राहून मी म्हणालो की बॅग मी टाकली, पाटी न वाचता. गुणवंतराव हसले नाहीत. "होते असं," म्हणाले. कुंदानं या वेळी पदर सावरला नाही; पदरात फळं होती, कदाचित म्हणून.

दुपारी वरवटहून निघालो. मंदाताईंनी कुरडया बांधून दिल्या. गुणवंतरावांनी वाळलेल्या सालीची मोठी पुडी पुढे केली, माझ्या तुकड्याच्या चौपट तरी असेल. कुंदानं हात पुढे केला, मग मागे घेतला आणि म्हणाली, आहे आमच्याकडे, यांनी काढलीय ना. मी सदरा परत द्यायची गोष्ट काढली. गुणवंतराव म्हणाले, राहू द्या, तुम्हाला शोभतो. गुंडी तुटलेला सदरा कोण परत घेईल, असं मी मनात म्हटलं. पण ते त्या अर्थानं म्हणाले नव्हते, हे मलाही कळत होतं.

परतीच्या वाटेवर पूर्णेच्या पुलावर मी मागे वळून सातपुडा पाहिला. लोक डोंगर पाहायला जातात, देव पाहायला जातात. मी एका कप चहाच्या हेव्यापायी जिल्हा उभा ओलांडून आलो होतो. आणि आणलं काय, तर माझ्याच तळहाताएवढा एक तुकडा. त्यात किती दिवस निघतील याचा मी हिशेब केला. पंधरा, फार तर वीस कप. तेवढ्या दिवसांत तिची सवय बदलायला काय लागतं? मग पुढच्या वर्षी पुन्हा तांदूळ आणि सुपारी. वाटभर कुंदा खिडकीतून बाहेर पाहत होती आणि मला विचारायचा धीर होत नव्हता.

साल सावलीत वाळवायची असते. दुकानात वरच्या फळीवर वर्तमानपत्र पसरून मी तिचे तुकडे करून मांडले. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत रोज सकाळी मी नेहमीसारखा चहा केला, आलं, दूध, तिचा कप काठापासून बोटभर खाली. निवृत्तीच्या आधीचा आठवडा माणसं कशी काढत असतील, ते मला कळलं. ती नेहमीसारखी प्यायची आणि कप खाली ठेवायची. मेहकरहून बॅग आणली, फळं तिनं गच्चीवर डब्यात टोचली, कुरडया तळून झाल्या. सालीचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही.

नवव्या दिवशी मी लवकर उठलो. माझी जागा जायचीच असेल, तर जाताना हात तरी माझा असावा. खलबत्ता दुकानात नेऊन साल कुटली, आवाजानं ती उठू नये म्हणून. दोन कप पाणी, मंद आंच, अर्धं होईपर्यंत हललो नाही. सुंठ चिमूटभर, गूळ खाली उतरवल्यावर. रंग नव्या विटेसारखा आला. गाळून तिच्या कपात ओतला आणि तिच्यासमोर ठेवून उभा राहिलो.

तिनं कपात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. फुंकर घालून एक घोट घेतला. मग दुसरा. तिनं डोळे मिटले नाहीत, पण घाईही केली नाही. शेवटच्या घोटापर्यंत प्यायली आणि कप खाली ठेवला.

"चांगला झाला," ती म्हणाली.

चोवीस वर्षांनी ते शब्द ऐकले आणि ते नेमके या चहाच्या वाट्याला गेले. चहा माझ्या हातचा, साल माझ्या हातची, तरी पोटात दुखायचं ते दुखलंच. मी रिकामा कप उचलला.

"आता चहा ठेवा," ती म्हणाली.